व्हीलचेअर वापरणाऱ्या भावाला खानापूरहून मिरजेला कसे न्यावे?

प्रश्न (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)
मणक्याला इजा झाल्यापासून माझ्या धाकट्या भावाच्या पायांत शक्ती नाही आणि तो व्हीलचेअर वापरतो. उपचारांसाठी त्याला अधूनमधून मिरजेला न्यावे लागते. बसची पहिली पायरीच इतकी उंच असते की एकाने काखेत आणि दुसऱ्याने गुडघ्यांखाली हात घालून त्याला वर चढवावे लागते. तोवर मागचे प्रवासी खोळंबतात आणि तो मान खाली घालतो. उचलण्याचे कष्ट मी सोशीन, पण कर्त्या माणसाला चारचौघांत असे उचलून न्यावे लागणे मला पटत नाही. भाड्याची गाडी दर वेळी परवडत नाही. त्याचा कर्नाटकातील बसचा सवलत पास मिरजेपर्यंत चालेल का, की रेल्वेने जावे?

उत्तर (बेळगाव)
ताई, रेल्वेनेच जावे असे मी सुचवीन. तो पास घरापासून १०० किलोमीटरपर्यंत आणि राज्याच्या हद्दीतच चालतो. कर्नाटकातील महिलांसाठीच्या ‘शक्ती’ योजनेतील आपला मोफत प्रवासही आंतरराज्य बसमध्ये ग्राह्य नसतो. रेल्वेच्या सवलतीला मात्र सीमा आड येत नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला द्वितीय श्रेणी, स्लीपर व थ्री एसीच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते आणि तेवढीच एका सोबत्यालाही मिळते. त्यासाठी रेल्वेच्या विहित नमुन्यात सरकारी डॉक्टरांचा दाखला घेऊन हुबळी विभागाकडून सवलतीचे ओळखपत्र काढावे.

बहुतेक एक्सप्रेस गाड्यांना गार्डच्या डब्यातच दिव्यांगांचा कप्पा असतो. त्याचे दार रुंद असते आणि आत व्हीलचेअरसाठी मोकळी जागा व आधाराच्या दांड्या असलेले शौचालय असते. हा डबा गाडीच्या टोकाला असल्याने तो पुढे येणार की मागे, हे स्टेशन मास्तरांना आधीच विचारून फलाटाच्या त्या टोकाला थांबावे. ऐनवेळी व्हीलचेअर ढकलत धावणे लहान स्थानकावर शक्य होत नाही.

उत्तर (निपाणी)
त्या कप्प्यात इतर प्रवासी बसलेले आढळतात. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ नुसार तो गुन्हा आहे, म्हणून संकोच न करता १३९ वर तक्रार करावी.

उत्तर (चिकोडी)
मला दिसत नाही. सवलतीमुळे माझे भाडे वाचते, पण समोर थांबलेली बस कोणत्या गावची आहे हे मला दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते, आणि गर्दीत उत्तर मिळेपर्यंत बस सुटलेली असते. दारातून गावाचे नाव स्पष्ट पुकारणारे वाहक भेटतात, तेव्हा मी कोणाच्याही मदतीशिवाय घरी पोहोचतो.

ताईंनी बसचा प्रश्नही सोडून देऊ नये, कारण रेल्वे प्रत्येक गावाला जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम ४१ बसस्थानकांनाही लागू आहे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सोयी सहज वापरता येण्याचे, मापदंड केवळ शिफारशीवजा असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केले आणि बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. आपल्या आगाराच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि त्याची प्रत बेंगळुरूच्या राज्य दिव्यांग आयुक्तांना पाठवावी. त्या अर्जावर माझीही सही घ्यावी.