बॉल पायथन या अजगराचे पिल्लू हात पाहताच फुत्कारते. त्याची भीती कशी घालवावी?

घोडबंदरवासी:
नमस्कार. मी ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. तीन आठवड्यांपूर्वी एका पाळणाऱ्याकडून बॉल पायथनचे चार महिन्यांचे पिल्लू घेतले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी रीतसर झाली आहे, त्यामुळे त्यावर चर्चा नको. वजन ९५ ग्रॅम आहे. पेटीचे झाकण सरकवले की ते मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून फुत्कारते, आणि गेल्या रविवारी तर अंगठ्याला चावले. रक्ताचे चार बारीक ठिपके उमटले, दुखले फारसे नाही, पण आता माझाच हात आपोआप मागे येतो. सवय व्हावी म्हणून ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास त्याला हातात घेतो, तरी स्वभाव उलट बिघडतच चालला आहे. पेटी तीन फुटी, काचेची, दिवाणखान्यात ठेवलेली. आत पालथी घातलेली अर्धी करवंटी आणि पाण्याचे भांडे आहे. दोनदा उंदीर खाल्ला, तिसऱ्यांदा तोंड फिरवले. काय चुकते आहे?

नेरुळकर:
रोजचा अर्धा तास, हेच चुकते आहे. आपण ज्याला सवय म्हणता, ती त्या पिल्लाच्या दृष्टीने रोज संध्याकाळी ठरल्या वेळी होणारी धरपकड आहे. हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. दिवसभर तो उंदरांच्या बिळांत नाही तर वाळवीच्या वारुळांत दडून राहतो, आणि एवढ्याशा पिल्लाला पक्ष्यांपासून रानमांजरांपर्यंत सगळेच खातात. वरून येणारा हात त्याला कसा दिसत असेल, याचा विचार करावा. त्यातून चारी बाजूंनी उघडी काच आणि एकच करवंटी! एवढ्या जागेत ऊब हवी की लपायला जागा हवी, यांतले एकच त्याला निवडावे लागते.

पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावावा. लपायच्या जागा दोन कराव्यात, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला, आणि दोन्ही इतक्या अरुंद की वेटोळे घातल्यावर अंग भिंतींना टेकावे. उबदार बाजू ३१ ते ३२ अंश आणि थंड बाजू २६ अंशांच्या आसपास असावी. हीट मॅटला (पेटी उबदार ठेवणाऱ्या विजेच्या चटईला) तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट लावलेला नसेल तर आजच लावावा. हाताळणे पूर्ण बंद. दर सहा-सात दिवसांनी दहा ते चौदा ग्रॅमचा एक उंदीर द्यावा आणि सलग तीन वेळा विनातक्रार खाल्ला की मगच हात लावावा, तोही आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे. खाल्ल्यानंतर ४८ तास आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झालेले असताना अजिबात नको.

कळव्याचा शेजारी:
वरच्या सल्ल्याशी सहमत आहे, मात्र पेटी कशावर ठेवली आहे ते आपण लिहिलेले नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीतून येणारी थरथर त्याला जबड्यातून नेमकी कळते. माझ्या पिल्लाची पेटी ज्या भिंतीला टेकून होती, तिच्या पलीकडे वॉशिंग मशीन होते; कपडे पिळायची फेरी सुरू झाली की ते काचेवर डोके आपटायचे, आणि मी दोन महिने त्याच्या स्वभावाला दोष देत होतो.

हाताळणी पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी कागदाची सुरळी त्याच्या पाठीवर मध्यभागी हलकेच टेकवावी, म्हणजे हे खाणे नव्हे असा इशारा त्याला मिळतो. मग बाजूने, पोटाखालून हात घालून उचलावे; डोके धरू नये. उंदीर हाताळल्यावर हात साबणाने धुतलेले असावेत, कारण तो वास आणि आपल्या हाताची ऊब एकत्र आली की चूक त्याची राहत नाही. चावून धरलेच तर हात ओढू नये. दात मागे वळलेले असतात, ते तुटून आत राहतात. हातमोजे मी तरी वापरणार नाही, त्याने पकड किती घट्ट झाली हे आपल्यालाच कळत नाही.

वाशीकर:
एक भर घालतो. फुत्कार फक्त आपण जवळ गेल्यावरच होतो ना? एरवीही शिट्टीसारखा श्वास ऐकू येत असेल, तोंड उघडे राहत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसत असतील, तर ती भीती नसून श्वसनमार्गाचा संसर्ग असू शकतो, आणि त्यासाठी सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्यच गाठावा. आपल्याकडे पावसाळ्यात पेटीत अंथरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाळतच नाही, तिथे वरून पाणी शिंपडत बसू नये.

घोडबंदरवासी:
सर्वांचे आभार. श्वास स्वच्छ आहे. पेटी मात्र टीव्हीच्या कपाटावर होती आणि त्याच कपाटात सब-वूफर (घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) आहे, हे लिहितानाही लाज वाटते. आता ती आतल्या खोलीत हलवली आहे. उबदार बाजूला थर्मामीटर ठेवला तर २८ अंशच निघाले. तेही सुधारले, आणि लपायच्या दोन जागा केल्या. आज अकरावा दिवस. हात लावलेला नाही. परवा रात्री दिवा मालवून चिमट्याने दिलेला उंदीर त्याने घेतला, आणि काल पाणी बदलताना जागेतून नाक बाहेर काढून दोनदा जीभ फिरवली. मान दुमडली नाही. पुढचे दोन उंदीर खाल्ल्यावर पुन्हा लिहीन.