व्यायामाच्या सायकलची सीट किती वर हवी? आईचा गुडघा दुखतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळच्या गावातून लिहितेय. आईच्या गुडघ्यांची झीज सुरू झालीय. आमचं घर पाखाडीखाली, त्यामुळे फिरायला जायचं म्हटलं की चढउतार आलाच. डॉक्टरांनी घरातच सायकल चालवायला सांगितली आणि मुंबईच्या भावाने शिमग्याला येताना त्याच्याकडची आणून दिली. उभी, मॅग्नेटिक, नॉब फिरवून जड-हलकी होणारी. माहितीपुस्तिका नाही.

आई दिवेलागणीच्या आधी स्वतःहून सायकलवर बसते, कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच हे मध्येच सुटू नये असं फार वाटतं. पण उतरल्यावर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं म्हणते. तिची उंची पाच फुटांच्या आत. सीट सगळ्यात खालच्या भोकात आहे, कारण पाय जमिनीला टेकले नाहीत तर तिला पडायची भीती वाटते. पाय टेकायलाच हवेत का? नसतील तर सीट किती वर न्यायची?

शिवाय डाव्या पायाला प्रत्येक फेरीत टक् असा आवाज येतो. आणि पावसाळ्यात सायकल ठेवू कुठे? पडवीला झापं बांधतो, तरी खारा वारा येतोच. सीटच्या दांड्यावर आत्ताच गंज दिसतोय.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय जमिनीला टेकायची गरज नाही. सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. पुढच्या बाजूने दुखण्याचं हे नेहमीचं कारण.

आईंना बसवा, एक पायडल पार खाली न्या आणि अनवाणी टाच त्यावर ठेवायला सांगा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक आपोआप राहतो. चालवताना मागून बघा. कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल किंवा गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर सीट एक भोक खाली घ्या.

भीतीवर उपाय म्हणजे सायकल भिंतीला लागून ठेवा आणि चढायच्या बाजूला एक चिरा पक्का, न हलणारा बसवा. आधी चिऱ्यावर, मग सीटवर. नॉब अगदी हलका, मिनिटाला साधारण 60 फेऱ्या, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. बोलता येईल इतकाच दम लागावा. गुडघा सुजला किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक, आई साडीत बसतात का? निऱ्या पायडलच्या दांड्यात अडकतात. सलवार किंवा घोट्याच्या वर राहणारा गाऊन बरा.

प्रतिसाद २

वेंगुर्ल्याहून. आमच्याकडे अशीच सायकल आहे, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर.

टक् आवाज बहुतेक ढिल्या पायडलचा. तसंच चालवत राहिलात तर आटे खराब होतील आणि मग पायडलचा अख्खा दांडा बदलावा लागेल. 15 चा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. उजवं नेहमीसारखं.

पडवी नकोच. माजघरात किंवा ओटीवर आतल्या भिंतीशी ठेवा. रोज वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, घामसुद्धा खारटच. सीटचा दांडा महिन्यातून एकदा पूर्ण बाहेर काढून पुसा, मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. नाहीतर गंजून आत असा बसतो की हलत नाही. तेल कव्हरच्या आत जाऊ देऊ नका, पट्ट्याला लागलं की तो घसरतो. बरेच दिवस वापर नसेल तर मीटरमधले सेल काढून ठेवा. कोबा वरखाली असेल तर पायांखालचे स्क्रू फिरवून सायकल समतल करा, डुगडुगली तर माणूस बिचकतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. टाच ठेवून बघितलं, गुडघा बराच वाकलेला राहतो. म्हणजे सीट वर घ्यायलाच हवी. पण सीटखालचा नॉब पूर्ण सैल करूनही दांडा जागचा हलत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवू का? हातोडीने ठोकायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद २

ठोकू नका, पाइप चेपेल. स्प्रे सांध्यावर मारा, रात्रभर राहू दे. सकाळी दोघांनी सीट धरून डावी-उजवीकडे थोडी थोडी वळवत वर ओढा. दांड्यावर कमाल उंचीची खूण असेल, तिच्या वर सीट नेऊ नका.