बर्मिंगहॅम: करवाढीला परवानगी कुणाची?

असं म्हटलं जातं की इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये हुजूर पक्षाचे नगरसेवक कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरांवरच्या स्थानिक कराच्या, वाढीविरुद्ध उभे राहिले, म्हणजे तेच लोकांच्या बाजूचे. विरोध केला हे खरंच. पण एवढ्यावर थांबू नका. सप्टेंबर 2023 मध्ये मजूर पक्षाच्या ताब्यातल्या या कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवायला पैसे नाहीत असं जाहीर केलं, आणि मार्च 2024 मध्ये कर 9.99 टक्क्यांनी वाढवला. सार्वमत न घेता 4.99 टक्क्यांच्या पुढे जायची मुभा कुणी दिली? लंडनमधल्या हुजूर सरकारने. पुढच्या वर्षी 7.49 टक्क्यांची परवानगी मजूर सरकारने दिली. दोन्ही पक्षांचे हात यात आहेत.

समान वेतनाची (स्त्री-पुरुषांना समान कामाला समान पगार) थकबाकी आणि ओरॅकल या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा बोजवारा ही मजूर पक्षाच्या कारभाराची जबाबदारी, ती टाळता येणार नाही. पण भोगतंय कोण? युवक सेवा आणि ग्रंथालयांना कात्री लागली, कलासंस्थांचं अनुदान आधी निम्मं, मग बंद. शिवाय हा कर आजही घराच्या 1991 च्या किमतीवरून ठरतो, आणि लहान घरातल्या कुटुंबावर उत्पन्नाच्या मानाने जास्त बोजा पडतो. हा पाया बदलायची मागणी जो स्थानिक पक्ष लावून धरेल, त्याला माझा पाठिंबा.