नदी पाहायला गेलो होतो : शाळेच्या भूगोल सहलीचे अनुभव

काल मुलीच्या वहीत ‘जलविभाजक’ (पावसाचे पाणी दोन बाजूंना वाटणारी उंच जमीन) हा शब्द दिसला आणि आठवीतली बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीची सहल आठवली. माऊली देवीच्या मंदिराजवळच्या कुंडातले मलप्रभा नदीचे ते एवढेसे पाणी ३०४ किलोमीटर वाहत कूडलसंगमला कृष्णेत मिळते, हे मला पटेना. तेव्हा सर म्हणाले, “इथला पाऊस मलप्रभेतून बंगालच्या उपसागराकडे जातो, पलीकडच्या कळसा नाल्यात पडलेला म्हादई नदीतून पणजीला, अरबी समुद्राकडे.” एकाच गावच्या पावसाला दोन समुद्र असतात, हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो होतो. आपल्याही आठवणी लिहा.

ताई, आम्हाला खानापूरला मलप्रभेच्या काठी नेले होते. काठाने १० मीटर सुतळी ताणून बाईंनी वरच्या टोकाला संत्रे सोडायला सांगितले, कारण ते बरेचसे बुडून तरंगते आणि वाऱ्याने भरकटत नाही. मधल्या धारेत त्याला २५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर, काठालगत मात्र तेच संत्रे लव्हाळ्यात अडकून गोल फिरत राहिले. तळाशी घर्षणामुळे पाणी सावकाश वाहते, म्हणून सरासरी वेग काढायला वरच्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणायचे, हे बाईंनी ओल्या वाळूवर काडीने लिहून दाखवले. ते संत्रे शेवटी आम्ही सोलून वाटून खाल्ले.

मी गोकाकचा. आम्हाला धबधबा दाखवला, ५२ मीटर उंची वहीत लिहून घेतली आणि सहल संपली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हा वाटले की पूर कुठवर येतो हे त्या दिवशी कुणीतरी दाखवायला हवे होते. आईची शिवणयंत्राची पेटीही वाचली नाही.

दादा, वाचून फार वाईट वाटले. आई आता कशा आहेत? आमच्या गुरुजींनी संकेश्वरला हिरण्यकेशीच्या काठी बाभळीच्या फांद्यांत अडकलेले वाळके गवत दाखवून सांगितले होते, “गेल्या पावसात पाणी इथवर होते.” ते गवत गुरुजींच्या हातालाही लागत नव्हते.

आई बरी आहे, ताई. शिवणकाम पुन्हा सुरू केले आहे.

मुलीला हे सगळे वाचून दाखवले. तिला कणकुंबीला न्यायचे आहे. उन्हाळ्यात कुंडात पाणी असते का, हे तिकडच्या कुणीतरी कृपया कळवावे.