जादा ड्युटीचा मोबदला दुप्पट, पण कशाच्या?

प्रश्न (परिचारिका, यवतमाळ जिल्हा): आमच्या तालुक्यातील खासगी रुग्णालयात रात्रपाळीची बदली आली नाही की दुपारपाळीवाल्यांनाच सकाळपर्यंत थांबावे लागते, आणि पगारचिठ्ठीत त्या तासांचे पैसे साध्याच दराने लागतात. नव्या वेतन संहितेने काही बदलले आहे काय?

उत्तर १: ताई, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १४ नुसार जादा तासांचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी नसावा. दुप्पट जुन्या किमान वेतन कायद्याखालीही होतेच. खरा फरक वेतनाच्या व्याख्येत आहे. घरभाडे, प्रवास यांसारखे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे १६,००० रुपयांपैकी १०,००० भत्ते दाखवले, तरी वेतन ६,००० नव्हे, ८,००० धरावे लागते. मूळ पगार तुटपुंजा दाखवण्याची युक्ती (आपल्याकडे ती सर्रास चालते) त्यामुळे बोथट होते.

उत्तर २: ड्युटी रजिस्टरमधील आपल्या सहीच्या नोंदीचा फोटो ठेवावा, मात्र त्यात रुग्णांची नावे येऊ देऊ नयेत. दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती आता तीन वर्षे आहे.

प्रश्नकर्ती: कंत्राटदाराकडच्या सफाईच्या मावशींनाही हे लागू आहे काय?

उत्तर १: होय, त्यांनाही.