मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) ‘टाइप सी’ आलंय, वजनही जास्त आहे. सोनोग्राफी करावी का?

प्रश्न (कोल्हापूर): आत्याचं वय 52, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. उंची 155 सेंमी, वजन 78 किलो. राजारामपुरीत मॅमोग्राफी केली, रिपोर्टात ‘एसीआर टाइप सी, बायरॅड्स 1’ आलंय. ‘सी’ म्हणजे कॅन्सर की काय, म्हणून घरात सगळ्यांची झोप उडालीय. शिवाय अंगानं भरलेल्या बाईला चरबीच जास्त असणार, मग स्तनांची घनता जास्त कशी काय?

उत्तर (एक्स-रे टेबल): अक्षर वेगळं, आकडा वेगळा. बायरॅड्स हा तपासणीच्या निष्कर्षाचा आकडा; 1 म्हणजे संशयास्पद काही दिसलं नाही. ए ते डी हा घनतेचा दर्जा, म्हणजे स्तनात चरबीच्या मानानं ग्रंथी आणि तंतू किती: ए सगळ्यात कमी, डी सगळ्यात जास्त. अमेरिकेत जवळपास 40 टक्के बायका ‘सी’मध्ये येतात, म्हणजे हा काही रोग नव्हे. दर्जा डोळ्यांनीच ठरतो, त्यामुळे त्याच फिल्मला एक डॉक्टर बी म्हणतील, दुसरे सी.

अडचण अशी की फिल्मवर चरबी काळी दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे, आणि गाठही पांढरीच. दाट भागात ती लपून जाते. शिवाय घनता हा स्वतःच धोका वाढवणारा घटक आहे: डी असेल तर सरासरीच्या साधारण दुप्पट, सी असेल तर त्याहून बराच कमी. हाताला घट्ट लागलं म्हणजे घन, असं मात्र नाही. ते फक्त मॅमोग्राफीतच कळतं.

उत्तर (शाहूपुरीकर): चरबीचा मुद्दा बरोबर आहे. वजन वाढलं की घनतेचं प्रमाण सहसा कमी दिसतं. पण म्हणून वजनाचा धोका टळत नाही. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन जवळजवळ बनवत नाहीत, ते काम चरबी करते: तिच्यातलं अ‍ॅरोमाटेज एन्झाइम अँड्रोजेन या दुसऱ्या हार्मोनपासून इस्ट्रोजेन तयार करतं. म्हणून पाळीनंतरचा लठ्ठपणा मुख्यतः हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरचा धोका वाढवतो. पाळी चालू असताना गणित उलट दिसतं, पण त्या भरवशावर वजन वाढवणं शहाणपणाचं नाही.

आत्यांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 32.5 येतो. आपल्याकडे 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, बायकांत कंबर 80 सेंमीच्या वर असेल तर पोटाची चरबी. त्यांच्याकडे घनता आणि वजन दोन्ही आहेत, आणि यातलं वजनच आपल्या हातात आहे. 5 टक्के म्हणजे चारेक किलो उतरवून ते टिकवलं तरी फरक पडतो. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं; रंकाळ्यावर गप्पा मारत रमतगमत फिरणं त्यात मोजू नका. पाळीनंतरच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या गोळ्यांनी घनता वाढते.

एक्स-रे टेबल: सोनोग्राफीचं: ‘सी’साठी सरसकट गरज नाही. आई-बहिणीला कॅन्सर झालेला असेल किंवा आधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झालेली असेल तर डॉक्टर सांगतातच. जास्तीच्या गाठी सापडतात हे खरं, पण बिनकामाच्या बायोप्स्याही वाढतात. करायचीच तर दोन्ही बाजू आणि काखा.

पुढच्या मॅमोग्राफीला जुन्या फिल्म नक्की न्या, तुलनेशिवाय निम्मं काम अडतं. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको. त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. पाळी चालू असणाऱ्यांनी पाळी संपल्यानंतरचा आठवडा निवडावा, दाबताना कमी दुखतं.

शाहूपुरीकर: आणि मधल्या काळात गाठ, त्वचेला खळगा, बोंड आत ओढलं जाणं किंवा बोंडातून रक्त दिसलं तर ‘रिपोर्ट नॉर्मल होता’ म्हणून थांबू नका. लगेच सर्जनला दाखवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल.