बुजऱ्या वछेऱ्याला आधी बांधायचं की आधी ओळख करायची?

आर्वीकडचा
भावाने सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून अडीच वर्षांचा मारवाडी वछेरा, म्हणजे तरुण घोडा, आणला. मारत नाही, चावत नाही, पण माणूस दिसला की ठाणाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहते, शेपूट दाबून, आणि हात लावला की श्वासच रोखून धरते. घरचे म्हणतात अगाडी-पिछाडी लावा, म्हणजे पुढून तोंडाचा अन् मागून पायांचा दोर खुंट्याला बांधा, अंगावर पोतं टाका, झगडू द्या जितकं झगडते तितकं, मग गुमान उभा राहील, पुढच्या तुळशीच्या लग्नानंतर वरातीत पाहिजे.

मला हे बिलकुल पटत नाही. असा गप्प घोडा झगडून शांत होत नाही, हार मानते, आणि एखाद्या दिवशी फटाका वाजला की सगळं एकदम बाहेर येते. मी सकाळी उन्हाच्या आधी फक्त म्होरकी अन् लांब दोर घेऊन जातो. तोंडासमोरून नाही जात, कपाळाच्या अगदी पुढचं अन् शेपटीमागचं त्याला दिसतच नाही, खांद्याकडून तिरपं जायचं. त्याने डोकं वर केलं की तिथंच थांबायचं, कान माझ्याकडे वळवला की मीच एक पाऊल मागे. दोर ताणला आणि त्याने नुसतं वजन पुढं टाकलं तरी लगेच ढिल द्यायची, कारण घोडा ओढण्यातून शिकत नाही, सुटण्यातून शिकते. ढिल उशिरा दिली तर काहीच शिकला नाही समजा.

पूर्णाकाठ
भाऊ, आमच्या घरी आजापासून वरातीचे घोडे हायेत म्हणून बोलतो. तुमचं वाचायले चांगलं वाटते. पण डीजेपुढं पोरं नाचून राहिली, मधात लायटिंगची वायर, वर नवरदेव बसलेला, तिथं घोडा मागं सरला तर कोणाचं लेकरू टापेखाली येईन? घोड्याले आधी हे समजलं पाहिजे का सुटका नाही. अन् तुमच्यावर विश्वास बसला बी, पण उद्या मोतद्दार, म्हणजे घोडा धरणारा, दुसरा असला तर? चंदी महाग, कडबा महाग, वर्षभर ओळख करत बसाले कोणाले परवडते?

आर्वीकडचा
मोतद्दाराचा मुद्दा खरा आहे दादा, म्हणूनच भाऊ आणि पुतण्या पण तेच करतात, तीच पद्धत, तोच इशारा. पण ज्याला सुटका नाही हे शिकवलं तोच घोडा गर्दीत जास्त धोक्याचा, कारण तो घाबरल्याचं सांगणंच बंद करते. कान, डोळे, शेपूट काही बोलत नाही आणि मग सरळ दुगाण्या. मला सांगणारा घोडा पाहिजे.

ढोरांचा डॉक्टर
दोघांनाही एक सांगतो, आधी दुखणं बघा. दात, डोळे, खूर, पाठ. बुजरा समजून महिनाभर समजूत घालायची आणि निघते दुखरी दाढ.

दुसरं, हल्ली व्हिडिओ पाहून गोल कुंपणात घोडा पळवतात, थकून माणसाकडे आला की म्हणे विश्वास बसला. तो पळायला जागा नाही म्हणून आला. जबडा हलवला, जीभ चाटली हे पण पुष्कळदा ताण उतरल्याचं लक्षण असते, प्रेमाचं समजू नका. त्यापेक्षा आयाळ संपते तिथं, पाठीच्या सुरुवातीला खाजवा, घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. फ्रान्समध्ये कामार्ग घोड्यांवर 1993 साली पाहिलं होतं, त्या जागी खाजवल्यावर नाडीचे ठोके कमी होतात.

आणि घाई कायची आहे? मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते. तुळशीच्या लग्नाला हा जेमतेम साडेतीनचा होईन, पाठीवर नवरदेव अन् खाली नाच, हे मी तरी करू देणार नाही. हे वर्ष जमिनीवरच्या कामालाच द्या.

खरारा
गुळाचं कोणी बोललं नाही. हातातून गूळ देऊ नका, हात दिसला की दात लावायले शिकतो. घमेल्यात ठेवा अन् बाजूला व्हा.

आर्वीकडचा
गूळ मी पण देतो, पण तो तोंड बाजूला करून शांत उभा राहिला की मगच. हात वाईट नाही, वेळ चुकते. बँडचं पण तसंच, आधी दोन वावरं पलीकडून ऐकवायचा, तो चरत राहिला तरच जवळ आणायचा.

पूर्णाकाठ
डॉक्टरसाहेबांचं वयाचं मान्य, आमचे बी चारच्या खालचे वरातीत नाही जात. पोतं टाकाच्या आधी ते त्याले हुंगू द्यावं, हे बी खरं, आमचा आजा तेच करे. पण अगाडी मी सोडणार नाही. मोकळा घोडा रस्त्यावर गेला अन् ट्रकखाली आला तर तुमचा विश्वास कोणत्या कामाचा?

ढोरांचा डॉक्टर
अगाडी राहू द्या, पण दोर थेट खुंट्याला नको, मधात सुतळीचा फेरा घाला. जीव खाऊन मागं ओढलं तर सुतळी तुटेल, मान वाचेल. पिछाडी मात्र या वछेऱ्याला नकोच, अडकून पडला की मांडीचे स्नायू फाटतात, मग वरात नाही अन् काहीच नाही. आणि ठाणाला कुंपण असू द्या, म्हणजे सुतळी तुटली तरी रस्त्यावर जाणार नाही.